घरचा फोटो प्रिंटर : अखाजीपासून दिवाळीपर्यंत वापरून

अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी आम्ही घरी फोटो छापायचा छोटा प्रिंटर घेतला. आता दिवाळीही होऊन गेली. घ्यावा की नाही, असा प्रश्न पडलाय त्यांच्यासाठी हे लिहितेय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या जातीचे जे प्रिंटर बाजारात आहेत त्यांची रीत एकच आहे, आणि मला सांगायचंय ते सगळ्यांना लागू पडतं. आकार पोळ्यांच्या डब्याएवढा. छापतो फक्त पोस्टकार्डाच्या मापाचे फोटो, म्हणजे साधारण 4 बाय 6 इंच. किंमत दहा-बारा हजारांच्या घरात. कागद आणि रिबन धरून एक फोटो पंचवीसेक रुपयांना पडतो. जळगावात स्टुडिओत हाच फोटो त्याच्या निम्म्यात मिळतो. तेव्हा हिशेबाने पाहिलं तर हा तोट्याचा सौदा आहे, हे आधीच सांगून टाकते.

तरीही आज कुणी विचारलं तर मी परत हाच घेईन.

आधी यंत्राबद्दल. यात शाईच्या बाटल्या नसतात. आत एक रिबन असते, तिच्यावर पिवळा, मॅजेंटा (गुलाबी) आणि सायन (निळसर) असे रंगांचे पट्टे एकामागून एक असतात आणि शेवटी एक पारदर्शक पट्टा. छापणारं डोकं तापतं, रंगाची वाफ होते आणि ती कागदात मुरते. याला डाय सब्लिमेशन म्हणतात. कागद चार वेळा आत-बाहेर जातो. पहिल्या फेरीत नुसता पिवळट माणूस दिसतो, दुसऱ्या फेरीत त्याला रक्त चढतं, तिसऱ्या फेरीत केस काळे होतात आणि चौथ्या फेरीत वरून पातळ आवरण बसतं. सगळं मिळून मिनिटभराच्या आत. स्टुडिओतून फोटोंचं पाकीट आणण्यात ही गंमत नाही. आमच्याकडे पाहुणे आले की फोटोपेक्षा फोटो कसा उमटतो तेच बघायला आधी गर्दी होते. कागद मागूनही बाहेर डोकावतो, म्हणून प्रिंटरच्या मागे वीतभर जागा मोकळी ठेवा. भिंतीला चिकटवून ठेवलात तर कागद अडकतो.

आता आपल्या भागाचा खास मुद्दा, जो ऑनलाइन रिव्ह्यूंमध्ये मला कुठेच दिसला नाही. पुस्तिकेत लिहिलंय की प्रिंटर 5 ते 40 अंशांत वापरावा. पुण्या-मुंबईचा माणूस ही ओळ वाचून पुढे जाईल. जळगाव-भुसावळात मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो तेव्हा तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची ठरते. दुपारी दोनला सलग चार फोटो छापायला गेलं की यंत्र मध्येच थांबून राहतं, डोकं गार होईपर्यंत पुढचा कागद ओढतच नाही. कूलरसमोर ठेवावा तर त्या दमट हवेने कागद वळतो. आम्ही उन्हाळाभर रात्री जेवणं झाल्यावर किंवा सकाळी उठल्या उठल्या छापायचो. दुसरा शत्रू धूळ. वैशाखातल्या वावटळीत घरात जी बारीक माती येते तिचा एक कण कागदावर असला तरी फोटोत पांढरा ठिपका उमटतो. कागदाचा ट्रे काम झालं की काढून झाकून ठेवायचा, कागद कडेने धरायचा. आणि छापता छापता लाईट गेली की तो कागद वाया. बॅटरी वेगळी मिळते, पण ती महाग आहे. आम्ही इन्व्हर्टरवर भागवलं.

हे झालं यंत्राचं. खरी गोष्ट पंचवीस रुपयांची आहे.

फोनमध्ये फोटो फुकट असतो म्हणून आपण तो निवडत नाही. लग्नात, जत्रेत, शेतात सगळं टिपतो, ग्रुपवर टाकतो, चार जण अंगठे दाखवतात आणि विषय संपतो. पाकिटातले कागद मोजके आणि रिबन तेवढीच असली की माणूस आपोआप विचारतो, यातला कुठला? हा प्रश्न आमच्या घरात याआधी कधी पडलाच नव्हता. आणि तो पडला की लोक फोटो खरंच बघायला लागतात.

श्रावणात आमच्या गावी, अमळनेर तालुक्यात, कानबाई बसली. खान्देशातल्यांना सांगायला नको. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईची स्थापना, रात्रभर गाणी, सोमवारी विसर्जन, आणि रोटांच्या, म्हणजे कानबाईच्या प्रसादाच्या, निमित्ताने सगळी भाऊबंदकी एका छताखाली. पुण्याहून दीर आले होते, सुरतहून नणंद. मी प्रिंटर सोबत नेला होता, पण कागद थोडेच उरले होते. म्हणून ठरलं की प्रत्येक घराने आपला एकच फोटो निवडायचा. मला वाटलं होतं, सगळे देवीचाच मागतील. नथ घातलेली, दागिन्यांनी मढलेली कानबाई फोटोत सुरेख आलीही होती. पण दिरांनी निवडला ओट्याखालच्या चपलांच्या ढिगाचा फोटो. माझ्या मुलाने सहज काढला होता तो. त्यात कोल्हापुरी, स्लीपर, शहरी बूट, एका पोराचा एकच सँडल, सगळं एकमेकांवर पडलेलं. दीर म्हणाले, "किती माणूस आलं होतं ते यातच दिसतं." मग त्यांनी चपलांवरून माणसं ओळखायला सुरुवात केली आणि अर्धा तास त्यातच गेला. नणंदेने निवडला फक्त हातांचा फोटो: माय, म्हणजे माझ्या सासूबाई, पुरणाचा मांडा दोन्ही हातांवर झुलवून मोठा करताहेत, खाली चुलीवर पालथं खापर, आणि मांड्याच्या पातळ पापुद्र्यातून पलीकडचा जाळ दिसतोय. चेहरा नाहीच. सुरतला तो त्यांच्या स्वयंपाकघरात लावलेला आहे. एरवी फोनवर "कशा आहात, बरं आहे" यापुढे न जाणाऱ्या आम्ही दोघी आता मांड्यांसाठी कणीक कशी भिजवायची यावर बोलतो. नणंद-भावजयीच्या नात्यात यंत्राने एवढं करणं हे मी रिव्ह्यूत धरावं की नाही ते तुम्हीच ठरवा.

आमच्या सासूबाईंना घरात सगळे माय म्हणतात, मीही. वय ऐंशीच्या आसपास, बोलणं सगळं अहिराणीत. फोनमधला फोटो त्यांना दिसतच नाही असं आम्ही समजत होतो. डोळ्यांचा दोष आहेच, पण तेवढाच नाही. फोन आपण त्यांच्यासमोर धरतो, त्या "दखाड" (दाखव) म्हणेपर्यंत स्क्रीन काळी होते, किंवा त्यांचं बोट लागून भलताच फोटो पुढे सरकतो. मग त्या संकोचाने "हां, छान शे" म्हणून फोन परत देतात. कागदी फोटो हातात आला तेव्हा तो घेऊन त्या उजेडाला गेल्या, चष्मा वर केला, फोटो नाकाशी धरला आणि त्यातल्या मागच्या रांगेतल्या बायकांबद्दल बोलायला लागल्या. घाई नाही, कुणी फोन मागत नाही. हे लिहिताना साधं वाटतं, पण इतकी वर्षं आम्ही त्यांना आमच्या आयुष्याचे फोटो दाखवत होतो आणि त्या बघत नव्हत्या, हे आम्हाला या डब्याने कळलं.

इथून जुन्या फोटोंचं काम सुरू झालं. मायच्या लोखंडी पेटीत कापडात बांधलेले फोटो होते. एक गोष्ट लगेच नजरेत भरते. पन्नास-साठ सालचे काळे-पांढरे फोटो अजून खणखणीत आहेत आणि ऐंशीच्या दशकातला माझ्या चुलत सासऱ्यांच्या लग्नाचा रंगीत अल्बम सगळा तांबडा झालाय. कारण असं की काळ्या-पांढऱ्या फोटोत चांदीचे कण असतात, ते टिकतात. त्या काळच्या रंगीत कागदावरचा निळसर रंग मात्र अंधारात बंद ठेवला तरी विरत जातो आणि मागे लाल-पिवळं उरतं. तेव्हा घाई करायची असेल तर आधी रंगीत अल्बमांची करा.

स्कॅनर नसला तरी अडत नाही. खिडकीजवळ, पण थेट ऊन नाही अशा ठिकाणी फोटो सपाट ठेवायचा, फ्लॅश बंद, फोन फोटोला समांतर, आणि अगदी जवळ न जाता थोडं मागे येऊन दुप्पट झूम करायचं, म्हणजे कडा वाकत नाहीत. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेतूनच टिपा. चिकट पानांच्या अल्बमांतले फोटो निघत नसतील तर दात साफ करायचा दोरा मागून करवतीसारखा सरकवायचा. आमचे बरेचसे फोटो तसेच सुटले. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटोही या मापात चालून जातो, कारण लांब बाजूला 1600 पिक्सेलच्या आसपास असले तरी पोस्टकार्डाला पुरतात. दहा ग्रुप फिरून आलेला मात्र नको, त्यात चेहऱ्यांचा चिखल झालेला असतो.

या कामात एक प्रकार घडला तो सांगण्यासारखा आहे. माझ्या सासऱ्यांचा एकच धड फोटो आहे. त्याला बुरशी लागलेली, कोपरा फाटलेला. एका दुकानात तो साफ करून घेतला. त्यांनी संगणकावर काहीतरी आपोआप होणारं वापरलं असावं. फोटो आला चकचकीत, रंगसुद्धा भरलेले. मी तो घरी छापून मायच्या हातात दिला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हाऊ कोन शे?" म्हणजे, हा कोण आहे?

सासऱ्यांच्या गालांवर देवीचे वण होते. यंत्राने ते बुरशीबरोबर पुसून टाकले होते. कातडी तुळतुळीत, ओठ गुलाबी, नाकसुद्धा जरा सरळ. मग आम्ही मूळ फोटोवरून मुलीकडून हाताने काम करून घेतलं. तिने बुरशीचा एकेक डाग निवडून काढला आणि वणांना हात लावला नाही. कुठला डाग बुरशीचा आणि कुठला देवीचा, हे सांगायला माय शेजारी बसून होत्या. नववीतल्या मुलीने कधी न पाहिलेल्या आजोबांचा चेहरा असा तसूतसूने पाहिला. फाटका कोपरा आम्ही तसाच ठेवला. जुने फोटो आपोआप 'सुंदर' करणाऱ्या अॅपबद्दल माझं मत आता फार वाईट आहे. अनोळखी माणसाचा फोटो असेल तर खुशाल वापरा.

फोटोच्या मागच्या बाजूबद्दलही सांगायला हवं. या कागदाची पाठ पोस्टकार्डासारखी असते, रेघा आखलेल्या, त्यावर बॉलपेनने लिहिता येतं. मुलगा लेखनिक झाला. माय सांगतात, तो लिहितो. कुणाचं पूर्ण नाव कुणालाच आठवत नाही, म्हणून 'भुरा जिभाऊ', 'धुळ्याची आत्या, बहिरी' असंच लिहिलंय. एका गटफोटोतल्या काळ्या टोपीच्या माणसावरून माय आणि शेजारच्या आजींचा वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. मुलाने दोन्ही नावं लिहून मध्ये प्रश्नचिन्ह टाकलं. फोनमध्ये असता तर त्या माणसाचं नाव कुणी विचारलं असतं असं मला वाटत नाही.

फोटो काढल्याने आठवण पक्की होते की उलट पुसते, यावर मानसशास्त्रात प्रयोग झालेत. लिंडा हेन्केल या अमेरिकन संशोधक बाईंचा लेख 2014 साली 'सायकॉलॉजिकल सायन्स'मध्ये आला होता. संग्रहालयात विद्यार्थ्यांना फिरवलं, काही वस्तूंचे फोटो काढायला लावले, काही नुसत्या बघायला सांगितल्या. फोटो काढलेल्या वस्तू त्यांना कमी आठवल्या, जणू लक्षात ठेवायचं काम कॅमेऱ्यावर सोपवलं होतं. पण ज्यांनी वस्तूचा एखादा भाग झूम करून टिपला त्यांची आठवण तशी ढासळली नाही. मला हा दुसरा भाग आमच्या घरात रोज दिसतो. सगळं घर मावेल असा फोटो काढणारे माझे यजमान नंतर काही सांगू शकत नाहीत. मुलगा चपला, हात, म्हशीची शिंगं, केळीच्या घडाचं टोक असलं काहीतरी काढतो आणि त्याला तो दिवस बारीकसारीक तपशिलासह आठवतो.

मुलीचं वेगळंच चाललंय. वापरलेली रिबन मी फेकायला निघाले तर तिने ती उलगडून खिडकीशी धरली. त्यात तोच फोटो तीन वेळा दिसतो, एकदा पिवळा, एकदा गुलाबी, एकदा निळा, आणि जिथला रंग कागदावर गेला तिथे फिकट. तिने तुकडे कापून काचेवर एकावर एक लावले, दुपारी फरशीवर रंगीत उजेड पडतो. जाता जाता एक सावधगिरी: रिबनवर सगळे फोटो वाचता येतात, म्हणून घरातले खासगी फोटो छापले असतील तर ती कापूनच टाका.

तिच्या या खटपटी बघून आम्ही तिला चाळीसगावला केकी मूस यांचं घर दाखवायला नेलं. कलामहर्षी केकी मूस (1912–1989), रेल्वे स्टेशनजवळच्या बंगल्यात आयुष्याची कितीतरी वर्षं जवळपास बाहेर न पडता राहिले, आणि तिथे बसून त्यांनी टेबलटॉप फोटोग्राफीत नाव मिळवलं. म्हणजे टेबलावर साध्या वस्तू मांडायच्या, प्रकाश असा टाकायचा की बघणाऱ्याला डोंगर, रान, रस्ता खराच वाटावा. त्यांच्या कलाकृती तिथे जपून ठेवल्यात. खान्देशात राहून ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांनी एक रविवार काढावा. परत आल्यावर आमच्या जेवणाच्या टेबलावर काही दिवस कुणाला जेवता येत नव्हतं. सरकीसकट कापूस पसरून तिने बर्फाळ डोंगर केला, रव्याची वाळू, खसखशीचा रस्ता, मागे माझी निळी साडी. पंधरा-वीस फोटो फोनमध्ये काढले, त्यातला एक छापायचा म्हणून भावाबरोबर भांडण केलं, आणि छापल्यावर तिलाच दिसलं की डोंगराच्या एका बाजूला सावली दोन दिशांनी पडलीय. स्क्रीनवर तिला ते दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ट्यूबलाइट बंद करून एकाच टेबललॅम्पवर पुन्हा मांडामांड. यात तिला मी काहीही शिकवलं नाही, मला येतही नाही.

छापलेला फोटो आहे म्हणून फाइल उडवू नका, आणि फाइल आहे म्हणून जुना कागद टाकू नका. आपल्या भागाचाच दाखला आहे. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला 1844 मध्ये मेजर रॉबर्ट गिल यांना नेमलं. त्यांनी वर्षानुवर्षं लेण्यांत बसून चित्रं उतरवली आणि ती लंडनला गेली. 1866 मध्ये तिथल्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यातली बहुतेक जळाली. गिल यांनी कॅमेऱ्यानेही अजिंठा टिपला होता. 1879 मध्ये ते वारले, त्यांची कबर भुसावळात आहे. आम्ही पेटीतल्या सगळ्या फोटोंच्या फाइली एका हार्डडिस्कवर, एक प्रत दिरांकडे पुण्यात आणि एक क्लाउडवर ठेवलीय.

तक्रारी पटकन सांगते. फोनचा फोटो सहसा 4:3 मापाचा असतो आणि हा कागद 3:2 च्या जवळचा, त्यामुळे आडवा फोटो आपोआप छापला की वरून-खालून कापला जातो. बायकांच्या डोक्यावरचे पदर आणि लहान पोरांचे पाय हमखास जातात. अॅपमध्ये 'पांढरी कड ठेवा' निवडा किंवा काढतानाच चारी बाजूंनी जागा सोडा. गर्द रंग जरा जास्तच गडद येतात, सावळी माणसं अजून सावळी दिसतात, म्हणून छापण्याआधी उजेड थोडा वाढवायला लागतो. फोटोत निम्मी जागा पांढरी असली तरी रिबन पूर्ण एक फोटोची जाते. प्लास्टिकचा कचरा होतो. अॅप अधूनमधून प्रिंटर सापडत नाही म्हणतं, तेव्हा दोन्ही बंद करून चालू करायचे. आणि कंपनी अल्बममध्ये शंभर वर्षं टिकेल म्हणते, त्यावर माझं मत द्यायला मी असणार नाही. एक मात्र पुस्तिकेतच स्पष्ट लिहिलंय: मऊ पीव्हीसी प्लास्टिकला हे फोटो चिकटून राहिले तर रंग त्यात उतरतात. बाजारातले स्वस्त, वास येणारे प्लास्टिकचे अल्बम त्यासाठी नकोत. पॉलिप्रॉपिलीनची पानं मिळतात, किंवा सरळ कागदी पानांचा कोपरे लावायचा अल्बम घ्या.

लग्नाचे दोनशे फोटो छापायचे असतील तर हा घेऊ नका, स्टुडिओत जा, स्वस्तही पडेल आणि मापंही हवी ती मिळतील. घरात फोटो काढणारी पोरं आणि फोन न वापरणारी म्हातारी माणसं दोन्ही असतील तर मात्र घ्या. उन्हाळ्यात घेणार असाल तर सोबत इन्व्हर्टरची सोय बघा. रिबन आणि कागद एकाच पाकिटात येतात आणि एकमेकांशी जुळलेले असतात, मागवताना मॉडेल नंबर नीट तपासा. आणि कानबाईच्या आठवड्यात एक पाकीट जास्तीचं आणून ठेवा. आमच्याकडे येत्या वर्षी एका घराला एकच फोटो हा नियम कुणी पाळेलसं दिसत नाही. सुरतेच्या नणंदेने तीन आत्ताच सांगून ठेवलेत.